कानातली काडी

समितीच्या बैठकीत शाळेतल्या ठोंबरे बाई पत्रं वाचायच्या. शाळेच्या पत्रपेटीतली, मेडिकलवाल्याने दिलेली, बचत गटाच्या बायकांनी आणून दिलेली. गुरुवारी दोन पत्रं झाली. तिसरा कागद त्यांनी फायलीतून नाही, स्वतःच्या पर्समधून काढला. अक्षर त्यांचंच होतं.

"सगुणाताई," त्या म्हणाल्या, "तुम्हाला जरा बाहेर बसावं लागेल."

सगुणाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती उठली. नियम तिनेच घालून दिलेला. तीन वर्षांपूर्वी कळव्यातल्या त्यांच्या वॉर्डात ही बाल संरक्षण समिती उभी राहिली, तेव्हा अंगणवाडीत मदतनीस म्हणून बावीस वर्षं काढलेली सगुणा शिगवण पहिल्याच दिवशी म्हणालेली, "ज्याच्या घरची गोष्ट निघेल त्यानं बाहेर बसायचं. मी असले तरी." तेव्हा सगळे हसले होते.

बालवाडीच्या पायरीवर ती बसून राहिली. या तीन वर्षांत ती अकरा घरांत गेली होती. दारू प्यायलेल्या बापांसमोर बसली होती, पोराला चटका दिलेल्या आईचा हात धरून रडली होती. प्रत्येक दारात तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "आम्ही भांडायला नाही आलो, पोरासाठी आलोय." आता तेच वाक्य तिच्या दारात येणार होतं.

पंधरा मिनिटांनी बिट्रिस बाहेर आली. चाळीस वर्षं नर्स होती, निवृत्त झाल्यावर शाळेत मुलांची तपासणी करायला जायची. गुडघे धरत ती शेजारी बसली.

"सान्वीच्या मनगटाच्या हाडाला चीर आहे, ते तुला माहीतच आहे."

"स्टुलावरून पडली ती."

"दंडावर बोटांचे वळ आहेत, सगुणा. जुने पण आहेत. पिवळे पडलेले." बिट्रिसने गुडघा चोळला. "प्रणिताला शाळेत बोलावलेलं काल. ती म्हणाली, मी मारलं. अभ्यासावरून."

सुनेचं नाव ऐकून सगुणा पायरीवरून उठली आणि परत बसली.

"रविवारी चार वाजता मी आणि बाई येतो. तू तिथं घरची म्हणून बस, मेंबर म्हणून नको."

"आणि तोवर?"

"तोवर पोरीला एकटी सोडू नकोस," बिट्रिस म्हणाली. "कुणाबरोबरच."

ते 'कुणाबरोबरच' सगुणाच्या मनात रुतून बसलं. तीन रात्री तिने नातीला, सान्वीला, आपल्याजवळ झोपवलं.

*

रविवारी दर्शना डोंबिवलीहून अकरालाच आली. सगुणाची ही थोरली लेक, सान्वीच्या बापाची, प्रीतमची, मोठी बहीण. घरात पाऊल टाकल्यावर ती आधी भाचीकडे गेली, तिचं प्लॅस्टर बघितलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. मग पर्स न ठेवताच स्वयंपाकघरात आली.

प्रणिता कोंबडीचं वाटण परतत होती.

"दहा वर्षांच्या पोरीचा हात मोडतेस तू?"

"ताई, गणितात सहा मार्क पडलेले. माझा तोल गेला."

"तोल गेला! माझी पण दोन आहेत. माझा नाही जात तोल?" दर्शनाचा आवाज बाहेरच्या खोलीत जात होता, आणि तो जावा म्हणूनच ती तसं बोलत होती. "अगं, शाळेतून पत्र आलं. आईची काय अवस्था झाली असेल, विचार केलास? लोकांच्या घरात जाऊन सांगणारी बाई ती. आमच्या घरात असलं कधी झालेलं नाही."

प्रणिताने गॅस बारीक केला. तिला रडू येईल असं वाटलेलं, पण आलं नाही. मंगळवारपासून ती एकाच गोष्टीला धरून होती. व्हॅनला.

मंगळवारी दुपारी सान्वी प्रीतमच्या स्कूल व्हॅनच्या किल्लीशी खेळत होती. किल्ली गॅलरीतून खाली पडली ती गटाराच्या जाळीतून आत गेली. दुसरी किल्ली शोधून प्रीतम निघाला तेव्हा पाऊण तास उशीर झालेला. चौदा मुलं शाळेच्या गेटवर उभी, पालकांच्या ग्रुपवर एकामागून एक मेसेज. एका बाईने लिहिलं, असला बेजबाबदार माणूस नको आम्हाला. संध्याकाळी घरी येऊन त्याने सान्वीचा हात धरला. "किल्ली खेळायला असते? बोल, खेळायला असते?" म्हणत तो हात पिरगळत राहिला, आणि मग सान्वी अशी ओरडली की तो स्वतःच दचकून मागे झाला. सगुणा तेव्हा बचत गटात होती. सासरे खाली बाकावर.

दवाखान्यातून आल्यावर तो बाथरूममध्ये जाऊन रडला. आधीही दोन-तीनदा झालेलं, आणि तेव्हाही तो असाच रडलेला. प्रणितानेच त्याला म्हटलं, "कुणी विचारलं तर मी सांगते, मी मारलं. मुलांची ने-आण करणाऱ्याने स्वतःच्या पोरीला मारलं म्हटलं तर उद्या व्हॅन बंद. आईने मारलं तर कोण काय म्हणतंय? सगळ्याच आया मारतात."

तो हो म्हणाला नव्हता. नाहीही म्हणाला नव्हता.

"मी ठरवलंय," दर्शना आता बाहेरच्या खोलीत जाऊन सगळ्यांना सांगत होती. "ते लोक यायच्या आत आपण सांगायचं की आम्हीच बंदोबस्त केलाय. प्रणिता महिनाभर शहाडला आईकडे जाईल. डोकं शांत होऊन येऊ दे. सान्वीला मी नेते, नाहीतर इथं बाबा आहेत, आई आहे, प्रीतम आहे."

प्रणिता ओट्याला धरून उभी राहिली. हे तिच्या हिशोबात कुठेच नव्हतं. तिला वाटलेलं, चार शब्द ऐकून घ्यावे लागतील, खाली मान घालावी लागेल. तिला घरातून काढतील आणि पोर त्याच्याजवळ ठेवतील, हे तिला सुचलंच नव्हतं.

"दर्शना बरोबर बोलतेय," खुर्चीतून विठ्ठल म्हणाले. सासरे एरवी घरातल्या गोष्टींत बोलत नसत. "बाईमाणसाचा हात असा उठणं बरं नाही."

प्रणिता दारात आली. तिने नवऱ्याकडे बघितलं. प्रीतम सोफ्याच्या कडेला बसला होता, नेहमीसारखा उजवा कान लोकांकडे करून, कारण डाव्या कानाने त्याला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. तो फरशीकडे बघत होता.

"प्रीतम," ती म्हणाली.

"जाऊन ये ना थोडे दिवस," तो पुटपुटला. "मी बघतो इकडचं."

*

सगुणाने ते ऐकलं, आणि सुनेची नजर बघितली. गेले तीन दिवस तिला फक्त संशय होता. आता उरला नाही, कारण ती नजर तिला ओळखीची होती. आधी नवऱ्याकडे जाणारी, मग दाराकडे, मग खाली.

"प्रणिता, इकडे ये. बस," ती म्हणाली. "दर्शना, तूपण बस. सान्वी, आत जाऊन टीव्ही लाव."

"मला इथंच बसायचंय," सान्वी म्हणाली. प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन ती आजीला चिकटून बसली होती. सगुणाने क्षणभर विचार केला. बिट्रिस म्हणायची, मुलांना बाहेर काढून मुलांबद्दल बोलणं हीच निम्मी चूक.

"बस मग. ऐकवेनासं झालं तर सांग." मग ती मुलाकडे वळली. "प्रीतम, तुझा कान कशानं गेला?"

"काय?"

"कान. कशानं गेला?"

त्याला प्रश्न विचित्र वाटला. "काडी घातलेली ना मी. झाडूची. सगळ्यांना माहितीये."

सगळ्यांना माहीत होतंच. दर वर्षी गावाला कुणी ना कुणी ती गोष्ट काढायचं. वागळे इस्टेटच्या खोलीत राहत होते, प्रीतम सहा वर्षांचा, झाडूची काडी कानात घालून बसला, आणि आई ओरडली तर म्हणतो, आत कोण बोलतंय ते बघत होतो. यावर सगळे हसायचे. प्रीतमही हसायचा.

"आई," दर्शना एकदम म्हणाली, "नको."

सगुणाने लेकीकडे बघितलं. दर्शना तेव्हा नऊ वर्षांची होती, दाराच्या मागे उभी होती. तीस वर्षं दोघी यावर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"काडीबिडी काही नव्हती," सगुणा म्हणाली. "कारखान्याला टाळं लागलेलं. तू यांच्या घड्याळाची चावी फिरवून फिरवून तोडलीस. यांनी तुझ्या कानाखाली दिली, तीन-चारदा. कानातून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय. शाळेत बाईंनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, काडी घातली त्यानं. तुला पण तेच सांगितलं. तू तापात होतास, परत परत विचारायचास, आणि मी परत परत तेच सांगितलं. शेवटी तुला तेच आठवायला लागलं."

कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही.

"हे कशाला काढलंस आता?" विठ्ठल म्हणाले. त्यांचा आवाज चढायला लागला आणि मध्येच तुटला. "लोकं यायच्या वेळेला? तीस वर्षांपूर्वीचं?"

"त्या बाईंनी मला दोनदा विचारलेलं. दोनदा. त्यांना कळलेलं, त्या वाट बघत होत्या. मी खरं बोलले असते तर काय झालं असतं मला माहीत नाही. तेव्हा अशी समिती नव्हती, कुणी घरी येऊन बसणारं नव्हतं. पण विचारणारं माणूस होतं, आणि मी त्या माणसाला परत पाठवलं." ती सुनेकडे वळली. "म्हणून मी तुला विचारतेय. एकदाच. हात कुणाचा होता?"

प्रणिताने सान्वीच्या प्लॅस्टरकडे बघितलं.

"व्हॅन जाईल, आई," शेवटी ती म्हणाली, आणि त्यातच सगळं आलं.

दर्शना तोंडावर हात घेऊन बसली. मग उठली, प्रणिताच्या शेजारी जाऊन बसली. "सकाळी मी तुला..." एवढंच म्हणाली.

प्रीतमने आपला डावा कान हाताने झाकला होता, नकळत. तो बापाकडे बघत होता. विठ्ठल खिडकीकडे.

"किल्ली तिनं मुद्दाम नव्हती टाकली," प्रीतम म्हणाला. आवाज इतका हळू, की सान्वीलाच तो पहिला कळला असावा, कारण ती आजीच्या आणखी जवळ सरकली. "मला माहीत होतं मुद्दाम नाही. तरी मी सोडला नाही हात."

*

बिट्रिस आणि ठोंबरे बाई बरोबर चारला आल्या. चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं. बाईंनी वही काढली.

प्रीतमला वाटलं होतं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्याने सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, मग प्रणिताला विचारलं, मग सान्वीला आतल्या खोलीत नेऊन दहा मिनिटं बिट्रिस एकटी तिच्याशी बोलली. दार किंचित उघडं होतं. आतून त्याला मुलीचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. ती दहा मिनिटं त्याला संपता संपेनात.

"आम्ही लपवणार नाही, आणि गावभर बोंबही मारणार नाही," बाहेर आल्यावर बिट्रिस म्हणाली. "जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला कळवावं लागेल. ते माझ्या हातात नाही, आणि असतं तरी मी कळवलं असतं. त्यांचा समुपदेशक येईल. तू दर आठवड्याला जायचं."

"आणि व्हॅन?"

ठोंबरे बाईंनी पेन खाली ठेवलं. "मुख्याध्यापकांना मी सांगणार आहे. समुपदेशक हो म्हणेपर्यंत तुम्ही मुलं न्यायची नाहीत. रिक्षा स्टँडवरचे सखाराम आपल्या समितीत आहेत, त्यांचा पुतण्या तोवर व्हॅन चालवेल. त्याच्याशी बोलणं आमच्यावर. व्हॅन तुमचीच राहील."

प्रीतमने मान हलवली. चौदा मुलं. त्यांच्यातल्या एकावरही त्याने कधी आवाज चढवला नव्हता. परवा एक पोर सीटवर उलटी करून रडत होतं, त्याने स्वतःच्या रुमालाने त्याचं तोंड पुसलेलं. हे सांगावंसं वाटलं, आणि मग सांगायची लाज वाटली.

"आता सान्वीचं," बाई म्हणाल्या. "काही दिवस तिला वेगळं ठेवलेलं बरं. आत्याकडे डोंबिवलीला वगैरे..."

"मी नेते," दर्शना म्हणाली. "आज नेते."

"मी का?" सान्वी दारात उभी होती. "माझी परीक्षा आहे. मी काही केलं नाही ना आता? मग मी का जायचं?"

बाईंनी बिट्रिसकडे बघितलं.

"ती नाही जाणार," सगुणा म्हणाली. "मी आज इथं मेंबर नाहीये, घरची आहे. घरची म्हणून सांगते. तिचं घर आहे, तिची शाळा समोर आहे. ज्याचा हात उठला त्यानं जायचं." ती मुलाकडे बघून बोलत होती. "आपली वागळे इस्टेटची जुनी खोली मे महिन्यापासून रिकामी आहे. तिथं राहा तू, प्रीतम."

मुलाला घराबाहेर काढणारी आई त्याने कधी ऐकली नव्हती. राग यायला हवा होता. त्याने तो आपल्या आत शोधला. सापडली ती दुसरीच गोष्ट, सहा वर्षांच्या पोराची: आई, खरं काय झालेलं? ते विचारून विचारून दमलेलं पोर. त्याला आज उत्तर मिळालं होतं. तेही तिनेच दिलं होतं, सगळ्यांसमोर, नवऱ्यासमोर.

"जातो," तो म्हणाला.

आतून पिशवी भरून तो आला तेव्हा दारात त्याचे वडील उभे होते. सदरा बदललेला, हातात बी.पी.च्या गोळ्यांचा डबा आणि टॉवेल.

"बाबा, तुम्ही कुठे?"

"खोलीत," विठ्ठल म्हणाले. "मीपण जायला पाहिजे ना? ती म्हणाली ना, ज्याचा हात उठला."

"अहो, त्याला तीस वर्षं झाली," दर्शना म्हणाली.

"म्हणून माफ होतं काय?" ते तिच्यावर खेकसले, आणि मग स्वतःच वरमले. बिट्रिसकडे वळून त्यांनी विचारलं, "तो समुपदेशक म्हातारी माणसं घेतो?"

"विचारते मी," बिट्रिस म्हणाली.

"तुम्हाला दोघांना साधा भात टाकता येत नाही," सगुणा म्हणाली. एवढ्या वेळात तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं.

"शिकू," विठ्ठल म्हणाले.

जाताना प्रीतमला मुलीजवळ जावंसं वाटलं. तो दोन पावलं गेला. सान्वीने प्लॅस्टरचा हात पाठीमागे घेतला. तो तिथेच थांबला, खाली बसला, तिच्या उंचीचा झाला, पण पुढे सरकला नाही.

"किल्लीची चूक नव्हती," तो म्हणाला. "तुझीपण नव्हती."

तो उठला आणि बापाच्या मागोमाग जिना उतरला.

*

पाहुण्या गेल्यावर दर्शनाने दुपारचं जेवण गरम केलं. साडेपाच वाजता त्या चौघी जेवायला बसल्या. कोंबडी थोडी लागली होती, तरी सगळ्यांनी खाल्ली. दर्शनाने प्रणिताला दोनदा वाढलं, आग्रह न करता, आणि प्रणितानेही नको म्हटलं नाही. रात्री दर्शना इथेच राहणार होती.

सान्वी डाव्या हाताने खात होती. भात सांडत होता.

"मम्मी, पप्पा कधी येणार?"

प्रणिताने सासूकडे बघितलं. सगुणाने काही सुचवलं नाही, ताटात बघत राहिली. हे उत्तर सुनेनेच द्यायचं होतं.

"तुला त्यांची भीती वाटणार नाही तेव्हा," प्रणिता म्हणाली.

"ते कुणाला कळणार?"

"तुलाच. तू सांगायचं. बिट्रिस आज्जीला, बाईंना, नाहीतर मला. तू सांगेपर्यंत नाही येणार ते."

सान्वीने घास तोंडात ठेवला आणि बराच वेळ चावत राहिली. एवढी मोठी गोष्ट आपल्यावर आहे हे तिला नवीन होतं.

"मी लगेच नाही सांगणार," ती म्हणाली, आणि आईचा चेहरा बघितला, रागावते का ते.

"नको सांगूस लगेच," प्रणिता म्हणाली, आणि तिच्या ताटाखाली सांडलेला भात एकेक शीत करून उचलू लागली.